तांबे यांच्या मृत्युगीतांतील अंधार

भास्कर रामचंद्र तांबे यांचे नाव घेताच आजच्या श्रोत्याला त्यांची प्रेमगीते किंवा बालगीते सहसा प्रथम आठवत नाहीत. आठवतात ती सायंकाळची, मावळतीची आणि निरोपाची गीते. लता मंगेशकर यांच्या कंठातून ‘जन पळभर म्हणतील’, ‘मावळत्या दिनकरा’, ‘मधु मागशि माझ्या सख्या’ ही गीते घरोघर पोचली आणि ज्याने कवितासंग्रह कधी उघडला नाही अशा माणसालाही तांबे आपले वाटू लागले. हा लाभ थोडा नव्हे. परंतु त्याबरोबर एक समजही रूढ झाला. ही गीते म्हणजे आयुष्याला विटलेल्या, जगाने टाकलेल्या एका वृद्धाचे सुस्कारे होत, असे अनेकांना वाटते. शोकसभेत त्यांतले एखादे गीत लागले की स्वरांच्या आर्ततेने डोळे भरून येतात. शब्द काय सांगत आहेत हे पाहण्याची मग कोणाला गरज उरत नाही. त्या समजाची थोडी तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तांबे यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८७३ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली येथे झाला आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी ग्वाल्हेर येथेच त्यांचे निधन झाले. देवास, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानी मुलुखात त्यांचे आयुष्य गेले. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वादांपासून ते दूर राहिले. पण त्यांच्या कानांवर एकीकडे हिंदी भजने व उर्दू गझला आणि दुसरीकडे ग्वाल्हेरची ख्यालगायकी सतत पडत होती. पहिला संग्रह १९२० मध्ये वा. गो. मायदेव यांनी संपादित केला आणि समग्र कविता १९३५ मध्ये माधव जूलियन यांच्या संपादनाखाली निघाली. कवितेच्या माथ्यावर राग किंवा चाल सुचविण्याची तांबे यांची रीत होती. म्हणजे ही गीते पुढे कोणी गाण्यात बसविली असे नसून ती जन्मतःच गेय होती.

त्यांच्या काव्याचा दुसरा विशेष येथे अधिक महत्त्वाचा आहे. इंग्रज कवी ब्राउनिंग यांच्या वळणावर त्यांनी मराठीत नाट्यगीत रुजविले. नाट्यगीतात बोलणारा ‘मी’ कवीच असतो असे नाही. एखादी व्यक्ती, एखाद्या विशिष्ट क्षणी, समोरच्या कोणाला तरी उद्देशून बोलत असते. तेव्हा असे गीत वाचताना बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता केवळ ‘संध्या’, ‘छाया’, ‘पैलतीर’ हे शब्द वेचले की प्रत्येक गीत विलाप भासू लागते.

‘मधु मागशि’ हेच पाहा. हे गीत स्वगत नसून उत्तर आहे. कोणी सखा पूर्वीसारखा मध मागायला आला आहे आणि घरातले घट रिकामे झाले आहेत, हे यजमान त्याला सांगत आहे. हा मध कोणता, हे गीतातच पुढे कळते. तरुण-तरुणींची कुजबुज, झाडाझऱ्यांचे गूज, संसाराचे मर्म असे ज्या कवितेचे विषय, ती कविता सख्याला हवी आहे. पण ती पिळून काढण्याचे बळ आता यजमानाच्या हाती उरलेले नाही. म्हणून तो हात झाडून मोकळा होतो काय? नाही. नैवेद्यापुरती दुधाची वाटी त्याच्यापाशी शिल्लक आहे आणि देवपूजेसाठी अंगणात कोरांटीचे झुडूप त्याने कसेबसे जगविले आहे. कोरांटी हे काही थाटाचे फूल नव्हे, पण पूजेला चालते. मधाकडून दुधाकडे आणि उपभोगाकडून पूजेकडे होणारे हे स्थित्यंतर ज्याच्या ध्यानात आले, त्याला हे गीत केवळ म्हातारपणाचे रडगाणे म्हणता येणार नाही.

‘जन पळभर म्हणतील’ या गीताची तऱ्हा याहून कठोर आहे. मी गेल्यावर जगाचे कोणते काम अडेल, असा प्रश्न तेथे केला आहे आणि उत्तर निष्ठुर आहे. सूर्यचंद्र उगवतील, पाऊस पडेल, शेते पिकतील. सोयरेधायरे डोळे पुसून पुन्हा हसूखिदळू लागतील. येथवर ऐकले तर हे जगाविरुद्धचे गाऱ्हाणे वाटते. पण शेवट गाऱ्हाण्याचा नाही. ज्या जगाचे आपल्यावाचून काही अडत नाही त्याच्यासाठी कुढत का बसावे, असे विचारून बोलणारा शांतीकडे वळतो; आणि न्यायला आलेल्या दूताला तो यमाचा नव्हे, हरीचा दूत म्हणतो. या एका शब्दात साऱ्या गीताचा रोख बदलतो.

‘मावळत्या दिनकरा’ मध्येही जगाच्या तोंडपुजेपणावर कोरडा ओढला आहे, हे खरे. पण मूळ कृती अर्घ्य देण्याची आहे. संध्यावंदनात सायंकाळीही अर्घ्य दिले जाते, हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे अशा माणसाचे ते बोलणे आहे. सारे जग पाठ फिरवीत असता तो एकटा हात जोडून उभा आहे. या गीताचा स्थायी भाव कृतज्ञता आहे. कटुता त्या कृतज्ञतेची छाया होय.

‘नववधू प्रिया मी बावरते’ हे गीत कित्येक जण लग्नगीत म्हणून ऐकतात. माहेर सोडताना पाऊल पुढे टाकणारी आणि पुन्हा मागे घेणारी वधू त्यात आहे, यात संशय नाही. परंतु ती वधू म्हणजे जीव आणि सासर म्हणजे मरणापलीकडचे घर, असा अर्थ रसिकांनी फार पूर्वीपासून लावला आहे. मृत्यूला वर मानण्याची कल्पना रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’तून आली असे म्हणण्याचा प्रघात आहे, १९१२ मध्ये तिचे इंग्रजी रूप प्रसिद्ध झाले व पुढच्याच वर्षी तिच्या कर्त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तो प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. तथापि डोलीत बसून सासरी निघालेला जीव निर्गुणी भजनांतून माळव्यात शतकानुशतके गाइला जात होता. तांबे यांना तो दारातच भेटला असणार, असे मला वाटते.

मग या गीतांत खरा अंधार नाहीच काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. ‘कळा ज्या लागल्या जीवा’ या गीतात कोणतेही समाधान नाही. नदी ओलांडून गेलेल्यांची हाक कानी येते आणि मागची ओढही सुटत नाही. मधे उभ्या माणसाला कोणी खडे मारतो, कोणी हसतो. गीत प्रश्नापाशीच थांबते. त्याचे वृत्तही बोलके आहे. ‘लगागागा’ या गणाची चार आवर्तने उर्दू गझलेने घासूनपुसून घेतलेली. त्यांतून दुःख उकलत नाही, फिरून फिरून त्याच जागी येते. येथे सांत्वन शोधणे म्हणजे कवीच्या वेदनेवर अन्याय करणे होय.

आणि याच कवीने ‘घन तमी शुक्र बघ राज्य करी’ हे गीत लिहिले. येथे ऐकणारे स्वतःचेच खिन्न मन आहे. समर्थांनी मनाला उपदेश केला, तांबे मनाची समजूत घालतात. अंडे फुटल्यावाचून भरारी नाही, फूल गळल्यावाचून फळ नाही, तेल जळल्यावाचून ज्योत नाही. आणि पलीकडे आई बाहू पसरून उभी आहे. अंधार त्यांनी नाकारला नाही. अंधारातच शुक्र दिसतो, एवढेच दाखविले. ही दोन्ही गीते शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. एक दुसऱ्याला खोटे पाडीत नाही.

कुमार गंधर्व १९४८ मध्ये आजारी अवस्थेत देवासला आले आणि तेथेच राहिले. त्या गावी त्यांनी निर्गुणी भजने ऐकली, आत्मसात केली आणि गाइली. पुढे त्यांनी ‘तांबे गीत रजनी’ हा कार्यक्रमही केला. कबीराची भजने आणि तांबे यांची गीते एकाच गळ्यात नांदली, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. या दोहोंचा शेजार या मातीत पूर्वीपासूनच होता.

गीत कानाने ऐकले म्हणजे ते कळलेच असे नाही. स्वर आपल्याला दुःखाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन सोडतो. आत कोण बसले आहे आणि ते कोणाशी बोलत आहे, हे शब्दच सांगतात. पुढच्या शोकसभेत ‘जन पळभर’ लागेल तेव्हा शेवटचे कडवे संपेपर्यंत आपण ऐकत राहावे. गेलेल्या माणसाला आणि कवीलाही तेवढा न्याय देणे आपल्या हाती आहे.