ठोकळ्यांना हातपाय फुटले

निर्जीव वस्तूस प्राण्याचें किंवा माणसाचें रूप देणें ही मानवाची फार जुनी हौस होय. परंतु केवळ रूप दिल्यानें जिवंतपणा येत नाहीं. मान वळली पाहिजे, हात उचलतां आला पाहिजे, गुडघा वांकला पाहिजे. दूरचित्रवाणीवरील आवडत्या पात्राची हवी तशी वळणारी मूर्ति खेळण्यांतील ठोकळ्यांतून उभी करण्याचा छंद आज अनेक देशांत रुजला आहे. त्याचा इतिहास म्हणजे एका अर्थीं सांध्याचाच इतिहास आहे.

त्याचा आरंभ डेन्मार्कमधील बिलुंड ह्या लहानशा गांवीं झाला. ओले किर्क क्रिस्टियानसेन हा तेथील सुतार. जागतिक मंदीमुळें बांधकामें मिळेनाशीं झालीं, तेव्हां इ. स. १९३२ मध्यें तो शिड्या, इस्त्रीच्या फळ्या आणि लांकडी खेळणीं करूं लागला. दोन वर्षांनीं, 'चांगलें खेळा' अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून त्यानें आपल्या मालास 'लेगो' हें नांव दिलें. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांत प्लॅस्टिक ओतण्याचें यंत्र आलें, आणि १९४९ मध्यें एकावर एक बसणारे ठोकळे विक्रीस निघाले. अशा ठोकळ्यांची कल्पना हिलरी फिशर पेज ह्या इंग्रज खेळणीकारानें आधींच अंमलांत आणली होती, हें मात्र विसरतां कामा नये.

आरंभींचे ठोकळे आंतून पोकळ असत; त्यामुळें त्यांची पकड कच्ची राही. ओलेचा पुत्र गॉटफ्रेड ह्यानें २८ जानेवारी १९५८ रोजीं नव्या रचनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला. ठोकळ्याच्या पोटांत नळ्या बसविल्या. खालच्या ठोकळ्यावरील गोल उंचवटे त्या नळ्यांच्या व भिंतींच्या मध्यें घट्ट धरले जाऊं लागले. युक्ति साधी, पण फळ मोठें. आठ उंचवट्यांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ निरनिराळ्या प्रकारांनीं जोडतां येतात, असें गणितज्ञांनीं दाखविलें आहे.

परंतु जी घट्ट पकड घरास उपकारक, तीच माणसाच्या मूर्तीस मारक ठरली. ठोकळ्यांचा माणूस उभा राही, पण खांबासारखा. १९७४ मध्यें गोल डोक्यांचीं आणि वळत्या हातांचीं माणसें आलीं. त्यांचीं धडें मात्र ठोकळ्यांचींच होतीं. पुढील वर्षीं निघालेल्या लहान बाहुल्यांना तर हातपाय हलवितांच येत नसत. अखेर १९७८ मध्यें येन्स न्यूगॉर्ड क्नुडसेन ह्या रचनाकाराच्या कल्पनेंतून सुमारें चार सेंटिमीटर उंचीचा, हात फिरविणारा व पाय वांकवून बसणारा छोटा माणूस जन्मास आला. १९९९ पासून चित्रपटांतील प्रसिद्ध पात्रेंहि ह्याच बाहुलीच्या रूपानें अवतरूं लागलीं.

तथापि येथें एक उणीव राहिलीच. पोशाख आणि चेहरा बदलला तरी देहयष्टि बहुधा तीच. हात पुढेंमागें फिरे, पण बाजूस पसरतां येत नसे. गुडघा तर नव्हताच. शिवाय पात्र तयार मिळे. तें घडविण्याचा आनंद मुलाच्या वांट्यास फारसा येत नसे. ही कोंडी गोळी-खोबणीच्या सांध्यानें फोडली. मनुष्याच्या खांद्यांत निसर्गानें जी योजना केली आहे तीच ही. २००१ मधील 'बायोनिकल' ह्या मालिकेंतील योद्धे अशाच सांध्यांवर उभे होते. पुढें २०१४ मध्यें 'कार्टून नेटवर्क' ह्या वाहिनीच्या सहकार्यानें निघालेल्या 'मिक्सेल्स' मालिकेंत हा सांधा फारच लहान झाला. त्यामुळें पडद्यावर दिसणारें पात्र साध्या ठोकळ्यांतून घडवावें आणि त्याला हवें तसें वळवावें, हें तळहाताएवढ्या मूर्तींतहि शक्य झालें.

तरीहि ही कला वाटते तितकी सोपी नाहीं. हात जितका लांब, तितका त्याचा भार सांध्यावर अधिक. मग उगारलेला हात हळूहळू खालीं येतो. दांतेरी बिजागरी भार चांगला पेलते, पण ठराविक कोनांतच थांबते. गोळी हवी तिकडे वळते, पण लवकर थकते. म्हणून जाणता कारागीर डोकें पोकळ करतो, पावलें रुंद ठेवतो आणि कोणता सांधा कोठें वापरावा ह्याचा विचार आधीं करतो. त्याहीपूर्वीं त्याला पात्र नीट न्याहाळावें लागतें. तें चालतांना वांकतें काय, रागावल्यावर हात कमरेवर ठेवतें काय, हें ज्यानें पाहिलें नाहीं त्याच्या मूर्तींत रंग जुळतील, पण ओळख पटणार नाहीं.

कळसूत्री बाहुलीचा प्राण सूत्रधाराच्या बोटांत असतो. दोरी सुटली कीं ती कोसळते. ठोकळ्यांच्या मूर्तीस मात्र हात सोडल्यावरहि आपला आविर्भाव स्वतःच सांभाळावा लागतो. फार घट्ट सांधा वळत नाहीं, फार सैल सांधा टिकत नाहीं. ह्या दोहोंमधला नेमका बिंदु शोधणें हेंच ह्या खेळाचें शिक्षण होय. पडद्यासमोर मूल केवळ पाहणारें असतें. तेंच पात्र स्वतःच्या हातांनीं उभें करतांना तें निर्माता होतें. आणि मूर्ति मोडली तरी हानि कांहींच नाहीं. १९५८ च्या रचनेचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजूनहि घट्ट बसतो. आजोबांचे ठोकळे नातवाच्या नव्या नायकास उपयोगी पडतात.