पिंगुळीच्या बाहुल्या : हक्क आणि देणगी

कळसूत्री बाहुल्यांचा खेळ मराठी मुलखाला नवा नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत सूत्राच्या अधीन असलेल्या बाहुल्याचा दृष्टांत येतो. श्रोत्यांना खेळ परिचित असल्यावाचून असा दृष्टांत कोणी योजीत नाही. ही विद्या आजवर जतन करणाऱ्यांत कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांचे स्थान मोठे आहे. दोरीवर नाचणाऱ्या लाकडी बाहुल्या, पडद्यामागे दिव्याच्या उजेडात हलणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रांची पोथी समोर धरून कथा सांगणारी चित्रकथी, असे तिन्ही प्रकार तेथे नांदतात. कथानके बहुधा रामायण-महाभारतातील असतात.

या कलेला सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. देवळांतील उत्सवप्रसंगी खेळ करण्याचा मान ठाकर घराण्यांना मिळाला, असे परंपरा सांगते. ही व्यवस्था आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. कलावंत देवळात याचक म्हणून जात नसे, मानकरी म्हणून जात असे. उत्सवाची तिथी ठरलेली आणि खेळाची जागाही ठरलेली. म्हणजे दरवर्षीचा उत्सव हाच त्या कलेचा वर्धापनदिन होता आणि तिच्या निर्वाहाची तरतूदही त्यातच होती.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय संपला. पुढे सिनेमा व दूरदर्शन आले आणि रात्र जागवून कथा ऐकणारा श्रोता विरळ झाला. चित्रकथीची जुनी चित्रे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी सुरक्षित राहिली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु काचेमागील चित्र कथा सांगत नाही. त्यासाठी सांगणारा लागतो, आणि त्याला शिष्य लागतो.

हे ओळखून परशुराम गंगावणे यांनी २००६ साली पिंगुळीत स्वतःच्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या नावाने ते ओळखले जाते. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राजाने दिलेला आश्रय गेल्यानंतर कलावंताने आपल्या अंगणातच आश्रय उभारला, हा या इतिहासातील सर्वांत बोलका भाग आहे.

अशा संस्थांचे वर्धापनदिन व्हावेत, त्यानिमित्त निधीही जमावा, याविषयी दुमत नाही. तथापि देणगी आणि हक्क यांत अंतर आहे. देणगी दात्याच्या मर्जीवर येते, हक्काचे बोलावणे दरवर्षी येते. एका समारंभाच्या निधीतून छप्पर दुरुस्त होईल. मुलाने बापाची दोरी हाती घ्यावी, एवढा भरवसा मात्र त्यातून निर्माण होत नाही.

हा वारसा केवळ तळकोकणाचा आहे, असे आपण मानू नये. आज गोव्यात असलेला पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, तो सावंतवाडीकरांकडूनच. तेव्हा गोव्यातील व बेळगावकडील आपल्या मंडळांनी तरी आपापल्या वार्षिकोत्सवातील एक संध्याकाळ या खेळासाठी कायमची राखून ठेवावी आणि मानधन आधीच ठरवून कळवावे, अशी आमची सूचना आहे. देवळांनी जे केले ते मंडळांना अशक्य नाही.