शर्यत, चूक आणि खून

शनिवारी मध्यरात्रीनंतर आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर दुचाक्यांची शर्यत लागते. आवाज दूर गेला तरी मी थोडा वेळ कान देऊन जागा असतो. अशा शर्यतीत कुणी मेलं, तर त्याला अपघात म्हणायचं की आणखी काही? या प्रश्नापायी मी कायद्याचा इतिहास वाचायला घेतला.

आपल्याकडे १८६०च्या दंडसंहितेत बेदरकारपणे गाडी हाकण्याला कलम २७९ होतं. तेव्हा रस्त्यावर मोटार नव्हती. १८७० साली कलम ३०४-अ आलं : हलगर्जीपणाने मृत्यू, जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. २०२४पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ही मर्यादा पाच वर्षांवर गेली. खुद्द शर्यतीसाठी १९८८च्या मोटार वाहन कायद्यात कलम १८९ आहे. शिक्षा होती एक महिना कैद किंवा ५०० रुपये दंड. २०१९च्या दुरुस्तीने ती तीन महिने किंवा ५,००० रुपये झाली.

जर्मनीत तर २०१७पर्यंत बेकायदा शर्यत हा फौजदारी गुन्हाच नव्हता. ४०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी, एवढंच. फेब्रुवारी २०१६मध्ये बर्लिनच्या कुरफ्युर्स्टेनडाम या गजबजलेल्या रस्त्यावर दोन तरुणांनी मध्यरात्री शर्यत लावली. लाल दिवे ओलांडत ते ताशी १६०च्या वर गेले. हिरवा दिवा पाहून चौकात आलेला ६९ वर्षांचा वृद्ध जागीच गेला. वर्षभराने न्यायालयाने दोघांनाही खुनासाठी जन्मठेप दिली.

त्याच साली संसदेने दंडसंहितेत कलम ३१५-ड घातलं : शर्यतीला दोन वर्षांपर्यंत कैद, मृत्यू झाल्यास दहा. प्रतिस्पर्धी नसताना एकट्याने सर्वाधिक वेग गाठू पाहणाराही त्यात येतो. आपलं कलम मात्र दोन वाहनांमधल्या शर्यतीपुरतंच बोलतं.

नवा कायदा मागच्या गुन्ह्याला लावता येत नाही, म्हणून बर्लिनचा खटला जुन्याच कलमांवर चालला. २०१८मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निकाल रद्द केला : मारण्याची तयारी मनात नेमकी कधी आली, हे नीट सिद्ध झालं नव्हतं. अखेर २०२०मध्ये, प्रत्यक्ष धडक देणाऱ्याची जन्मठेप कायम झाली; दुसऱ्याला पुढे खुनाच्या प्रयत्नासाठी तेरा वर्षं मिळाली.

मला यातला मधला मुद्दा महत्त्वाचा वाटतो. हलगर्जीपणा म्हणजे लक्ष नसणं. शर्यत लावणाऱ्याचं लक्ष मात्र पूर्ण असतं, फक्त ते समोरून येणाऱ्या माणसावर नसतं. त्याला चूक म्हटलं तर मेलेल्यावर अन्याय होतो. सरसकट खून म्हटलं तर विशीतल्या पोराच्या मनात नसलेला हेतू आपण त्याच्यावर लादतो. म्हणून मधली पायरी हवी, आणि ती कुणी मरण्याआधी, शर्यत लागतानाच लागू व्हायला हवी. आपल्याकडे त्या पायरीची किंमत आजही तीन महिने किंवा पाच हजार रुपये आहे.