नाव उशिरा येते

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे १ लाख माणसे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तरी पत्ता सांगताना इथला माणूस आजही 'कॅम्प नं. ३' म्हणतो. कागदावरची नोंद आणि जगणाऱ्याच्या तोंडची ओळख वेगळी असू शकते, हे या शहराला सांगावे लागत नाही. 'जेंडर डिस्फोरिया' हे अशाच एका वेगळेपणातून होणाऱ्या तगमगीचे नाव आहे. जन्माच्या दाखल्यावरचे लिंग आणि आतून जाणवणारा लिंगभाव जुळला नाही की ती होते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन फिस्क यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी हा शब्द रुळवला. शब्द नवा आणि परका, म्हणून तगमगही नवी आणि परकी, असे अनेकांना वाटते. महाराष्ट्राचा इतिहास या समजुतीला आधार देत नाही.

मराठा राजवटीत हिजड्यांना इनामे होती, गावागावांतून ठरावीक हक्क गोळा करण्याच्या सनदा होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हे हक्क नाकारायला सुरुवात केली. पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उत्तर भारतात त्यांची नोंदवही ठेवली आणि नोंद झालेल्याने बायकी वेषात लोकांपुढे येणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला. राज्यसंस्था इनाम देते किंवा शिक्षा करते, ती अस्तित्वात असलेल्या माणसांनाच. म्हणजे माणसे होती, शेकडो वर्षे होती. त्यांच्या मनात काय चालले होते, ते मात्र कुणी टिपून ठेवले नाही. दप्तराला त्यांचा हक्क किंवा गुन्हा दिसला, तगमग दिसली नाही.

यावर एक आक्षेप येतो: शब्द कानावर पडला नसता तर मुलांना असे वाटलेच नसते. आजूबाजूचे लोक जे सांगतात त्यातूनच लिंगभाव घडत असेल, तर या आक्षेपात तथ्य मानावे लागेल. पण सौंदत्तीच्या यल्लम्माची परंपरा उलटे सांगते. केसांत जट आली की देवीचा कौल मानून मुलाला देवीला सोडायचे, लुगडे नेसवून जोगत्या करायचे. स्वतःला बाई मानणाऱ्या काहींना तिथे आसरा मिळाला. पण कौल जटेसारख्या खुणेवरून ठरे, मनाला विचारण्याची रीत नव्हती. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांचा आधार घेतलेल्या २००९च्या 'जोगवा' चित्रपटातला तायप्पा आतून पुरुष आहे, आणि अंगावरचे लुगडे त्याला जाळत राहते. ही कलाकृती झाली. प्रत्यक्षातला दाखला १९६५ साली कॅनडात जन्मलेल्या डेव्हिड रायमरचा. तान्हेपणी शस्त्रक्रियेत अपघात झाल्यावर डॉक्टरी सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवले. किशोरवयात सत्य कळताच त्याने मुलगा म्हणून जगायचे ठरवले. वेष, नाव आणि घरच्यांचा आग्रह एवढे सगळे मिळूनही आतली जाणीव घडवू शकत नसेल, तर एका शब्दाने ती कशी घडेल?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्या परंपरेत या माणसांना स्थान होतेच, मग वैद्यकाची भाषा कशाला? स्थान होते, पण ते एकाच वाटेवर होते: घर सोडायचे, गुरू करायचा, टाळी आणि जोगव्यावर जगायचे. मुलगी म्हणून नोंद झालेल्या आणि स्वतःला पुरुष मानणाऱ्याला तर तीही वाट नव्हती. शिवाय परंपरेने समाजातली जागा सांगितली, स्वतःला पारखायचे कसे ते सांगितले नाही. तिथे वैद्यकाची भाषा उपयोगी पडते. घरकामाचा किंवा बंधनांचा कंटाळा वेगळा. तो बंधने सुटली की सरतो. वयात येताना फुटणारा आवाज किंवा भरणारी छाती परकी वाटणे, आणि दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली की जीव शांत होणे, हे महिनोन् महिने टिकते तेव्हा ती निराळी गोष्ट असते. २०१३पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथाने 'विकार' हा शब्द सोडून तगमगीवर बोट ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२पासून लागू झालेली सूची ही विसंगती मानसिक आजारांत मोजत नाही.

१५ एप्रिल २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. उल्हासनगर ज्या जिल्ह्यात येते त्याच ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांची कहाणी त्या निकालपत्रात आहे: लहानपणीचे वेगळेपण, छळ, आणि आपल्यासारखी माणसे भेटल्यावर सापडलेली ओळख. त्यांचे वेगळेपण आधीचे होते. त्याला नाव देणारी माणसे नंतर भेटली. हा क्रम ध्यानात घेतला, तर शब्दांची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. कॅम्प नं. ३ मधल्या मध्यवर्ती रुग्णालयात उद्या एखादे पोर आले, तर आपल्याला काय होते ते त्याला मराठीत, सिंधीत, हिंदीत सांगता यायला हवे. छावणीत माणसे आधीपासून राहत होती. नाव नंतर पडले. पण या मुलांपर्यंत काही पोचायचे असेल, तर आधी नाव हवे.