उकळत्या झऱ्यापासून हिवतापाच्या औषधापर्यंत

विकरांचा पाठ शिकवताना आपण वर्गात एक साधा प्रयोग करून दाखवतो. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाकले की भराभर फेस येतो. उकडलेल्या बटाट्यावर मात्र तो येत नाही. बटाट्यातील कॅटॅलेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, उकडल्यामुळे निकामी झालेले असते. मग प्रयोगवहीत निष्कर्ष लिहिला जातो: उष्णतेने विकरे नष्ट होतात. विद्यार्थिदशेत आम्हीही तो असाच लिहिला आहे. बटाट्यापुरता तो बरोबर आहे. पण तो सर्व विकरांचा नियम नव्हे. हे कसे समजले आणि त्याचा औषधांशी काय संबंध, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

विकर हे बहुधा एक प्रथिन असते. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी ओवलेली ही लांब माळ ठराविक पद्धतीने घडी घालून बसते आणि त्या घडीतील एका खाचेत रासायनिक क्रिया घडते. घडी टिकवून धरणारे बंध एकेकटे दुबळे असतात. तापमान वाढले की रेणूंची थरथर वाढते, बंध सुटतात, घडी उलगडते आणि काम थांबते.

१९६६ साली अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी गरम पाण्याच्या झऱ्यातून एक जीवाणू वेगळा केला. आपल्याकडे वज्रेश्वरी किंवा उन्हवरे येथे असे झरे आहेत. हा जीवाणू ७० अंश सेल्सिअसच्या आसपास सुखाने वाढत होता. १९६९ साली त्याला ‘थर्मस ॲक्वाटिकस’ हे नाव मिळाले. अशा जीवाणूंच्या विकरांत काही जगावेगळी द्रव्ये नसतात. अमिनो आम्ले तीच वीस. फरक असतो तो घडीच्या घट्टपणात आणि बंधांच्या मांडणीत. १९७६ साली याच जीवाणूतून डीएनएची प्रत तयार करणारे उष्णतारोधक विकर वेगळे करण्यात आले. पुढे पीसीआर तंत्रात ते वापरले जाऊ लागले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पोचले.

ब्रॉक झऱ्याकाठी काम करत होते त्याच सुमारास, १९६७ साली, चीनमध्ये हिवतापावरील औषधाचा शोध सुरू झाला. १९६९ पासून त्या प्रकल्पात काम करणाऱ्या तू यूयू यांना चिंगहाव या वनस्पतीचा अर्क कधी गुणकारी, तर कधी निरुपयोगी आढळे. चौथ्या शतकातील गे हाँग यांच्या वैद्यकग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तो रस पिण्यास सांगितले होते, उकळण्यास नव्हे. उष्णतेनेच गुण जात असावा, असा तर्क करून त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांच्या हिवतापावर पूर्ण गुणकारी ठरला. त्यातील द्रव्य म्हणजे आर्टेमिसिनीन. या कार्याबद्दल तू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

२००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिसिनीनयुक्त मिश्र औषधांची शिफारस केली आणि मागणी वाढली. पण हे द्रव्य सुक्या पानांच्या वजनाच्या सहसा एक टक्क्याहूनही कमी असते, आणि लागवडीपासून औषधापर्यंत वर्षाहून अधिक काळ लागतो. भाव कधी आकाशाला भिडत, तर कधी कोसळत. तेव्हा वनस्पतीतील विकरांची जनुके सूक्ष्मजीवांत घालून हे काम टाकीत करून घ्यावे, अशी कल्पना पुढे आली. कॅलिफोर्नियातील जे कीसलिंग यांच्या गटाने २००३ साली ई. कोलाय जीवाणूकडून आर्टेमिसिनीनच्या साखळीतील आधीचा दुवा, अमॉर्फाडाइन, बनवून घेतला.

पुढच्या पायरीला अमॉर्फाडाइनवर ऑक्सिजन चढवणारे पी-४५० जातीचे विकर लागते. वनस्पतीतील हे विकर पेशीतल्या पटलाला चिकटून काम करते. जीवाणूच्या परक्या घरात ते नीट रुळत नाही. मग ‘बॅसिलस मेगाटेरियम’ या जीवाणूचे सुटसुटीत पी-४५० विकरच बदलून घेतले तर?

इथे फ्रान्सिस अर्नोल्ड यांचे काम उपयोगी पडते. शेतकरी उत्तम कणसाचे बियाणे राखतो, त्याप्रमाणे विकराच्या जनुकात यादृच्छिक बदल घडवायचे, सरस ठरलेले विकर निवडायचे आणि त्यातच पुन्हा बदल करायचे, ही रीत त्यांनी १९९३ पासून रूढ केली. त्यासाठी त्यांना २०१८ साली नोबेल मिळाले. २००६ साली त्यांच्या गटाने याच जीवाणूच्या पी-४५० विकराच्या दोन आवृत्त्या घेतल्या. एक जेमतेम स्थिर, दुसरी अधिक उष्णता सोसणारी. दोन्हींत सारखेच यादृच्छिक बदल केले, तेव्हा नवी कामे करणारी विकरे दुसरीतून अधिक निघाली. कारण उघड आहे. नवे कौशल्य देणारा बदल बहुधा घडी थोडी सैल करतो. मुळातच नाजूक असलेले विकर तेवढ्याने कोसळते. दणकट विकर तो बदल पचवते. उष्णता सोसण्याचा गुण म्हणजे केवळ गरम टाकीत टिकणे नव्हे, तर बदलासाठी हाती असलेली शिल्लक होय.

२००९ साली कीसलिंग यांच्या गटाने याच जीवाणूचे पी-४५० विकर बदलून ई. कोलायमध्ये अमॉर्फाडाइनवर ऑक्सिजन चढवून दाखवला. उद्योगाने मात्र दुसरी वाट धरली. २००६ सालीच वनस्पतीचे पी-४५० यीस्टमध्ये घालून आर्टेमिसिनिक आम्ल मिळवले होते. २०१३ साली त्याचे प्रमाण लिटरला २५ ग्रॅमपर्यंत गेले. शेवटची पायरी रसायनशास्त्राने पुरी केली आणि इटलीत कारखाना सुरू झाला.

पण तोवर शेतात पिकलेल्या आर्टेमिसिनीनचा भाव किलोला २५० डॉलरच्याही खाली आला होता. कारखान्याच्या मालाला ३५० ते ४०० डॉलर पडत. २०१५ साली तेथे उत्पादन झालेच नाही. या घटनेकडे निव्वळ अपयश म्हणून पाहणे आम्हांला योग्य वाटत नाही. स्वस्त औषध मिळाले ते रोग्याच्या फायद्याचेच. पण उद्या विकरे जिंकली, तर पानांवर जगणाऱ्या चीन, व्हिएतनाम व पूर्व आफ्रिकेतील शेतकऱ्यांचे काय, हाही प्रश्न त्यात आहे. तो परीक्षानळीत सुटणारा नाही.

पुढच्या वेळी बटाट्याचा प्रयोग कराल, तेव्हा वहीतल्या निष्कर्षात दोन शब्दांची भर घालायला सांगा: “बटाट्यातील हे विकर”. एखादा विद्यार्थी विचारील, मग दुसरी कोणती टिकतात? त्याला झऱ्याची गोष्ट सांगावी.