हाऊ आर यू, शोवा 63

बूट काढा. शाळेच्या दाराशी लाकडी खणांची रांग आहे, त्यातल्या शेवटच्या खणात तुमच्या सपाता. एवढ्या मोठ्या मापाच्या सपाता गावात मिळत नाहीत, त्यामुळे टाचा मागे उघड्या राहतात आणि फरशीचा गारठा थेट हाडात शिरतो.

1988चा नोव्हेंबर. इथल्या पंचांगात सम्राटाच्या युगाचं नाव चालतं: शोवा 63. गाव मात्सुए, शिमाने प्रांत, जपानची ढगाळ पश्चिम किनारपट्टी. सकाळी शिंजी सरोवराच्या काठाने सायकलवर येताना तुम्ही होड्या पाहिल्यात. त्यांतली माणसं लांब दांड्याच्या जाळीने तळ खरवडून शिजिमी काढत होती, बोटाच्या पेराएवढ्या काळ्या तिसऱ्या. रात्री त्याच तुमच्या सुपात असतील.

आज तुम्ही लीड्सहून आलेले तेवीस वर्षांचे आहात. हुद्दा ‘असिस्टंट इंग्लिश टीचर’. परदेशी तरुणांना शाळांत आणायची ही योजना गेल्याच वर्षी सुरू झाली: अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या चार देशांतून 848 तरुण आले. जपानी मोटारी जगभर खपत होत्या, व्यापारावरून अमेरिका चिडली होती, आणि जपानला आपलं दार उघडं असल्याचं दाखवायचं होतं. एवढ्या मोठ्या हिशोबातून आलेला माणूस आत्ता शिक्षकांच्या खोलीत रॉकेलच्या शेगडीवर हात शेकत उभा आहे. शेगडीवर किटली सुसू करते. शेजारच्या मेजावरचे शिक्षक न बोलता तुमच्यापुढे हिरव्या चहाचा पेला सरकवतात.

दुसरा तास. चाळीसेक मुलं एकदम उठतात, वाकतात.

“हाऊ आर यू?” तुम्ही विचारता.

“आय अ‍ॅम फाइन, सँक्यू, अँड यू?” एका दमात, एका सुरात, पाढे म्हटल्यासारखं. मागच्या बाकावर एक मुलगा तापाने लाल झालाय. तोही फाइन.

मग तुमचं काम सुरू होतं. जपानी शिक्षिका खूण करतात, तुम्ही धड्यातलं वाक्य वाचता, वर्ग ते म्हणतो. पुन्हा वाचता, पुन्हा म्हणतो. मग त्या वाक्याचा शब्द न् शब्द फोडून जपानीत अर्थ सांगतात. तर्खडकरांची पाठमाला ज्या मराठी घरांत होती, त्यांना ही वाट ओळखीची आहे. तुमच्यासारखे कित्येक सहायक पत्रांतून एकमेकांना लिहितात की आपण माणसं नाही, टेपरेकॉर्डर आहोत. त्यांचं दुःख खरं आहे. पण त्या बाईंकडे नीट पाहा. आठवड्याला इंग्रजीचे तीनच तास, आणि पुढे प्रवेशपरीक्षा, जिच्यात मुलाला तोंडातून एक शब्दही काढावा लागत नाही. त्या परीक्षेवर मुलाची शाळा ठरते. तुमच्या गप्पांसाठी त्या दहा मिनिटं राखून ठेवतात, ती त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर काढलेली आहेत.

परतताना किल्ल्याच्या खंदकाकाठी सायकल हळू करा. ते कौलारू घर लेखक लाफ्कादिओ हर्नचं. आणखी जवळजवळ शंभर वर्षं मागे गेलात, तर तो आत लिहीत बसलेला दिसेल. 1890 साली तो याच गावात इंग्रजी शिकवायला आला, पगार महिना शंभर येन. त्याच्या वर्गातल्या मुलांनी चंद्रावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत निबंध लिहिले आणि ते त्याने आपल्या पुस्तकात घेतले. गाव त्याला अजून आपला मानतं, आणि मला वाटतं त्याचं कारण हेच असावं. शिकवणारे पुष्कळ आले असते. मुलं काय म्हणतात ते त्याने ऐकून घेतलं.

रात्री खोलीत कोतात्सुखाली पाय घालून बसा, म्हणजे बुटकं मेज, त्याखाली विजेची शेगडी, वरून रजई. एरोग्राम पुरा करा. तो घरी पोचून उत्तर येईपर्यंत इथे बर्फ पडलेलं असेल. टीव्हीवर सम्राटांचा ताप आणि नाडी सांगताहेत. सप्टेंबरपासून ते अंथरुणावर आहेत, ठिकठिकाणचे उत्सव रद्द झालेत. मध्येच मोटारीची एक जाहिरात लागते. तिच्यातला गायक खिडकीतून हसून विचारायचा, “मंडळी, बरे आहात ना?” देश असा काळजीत असताना हे बरं दिसत नाही म्हणून त्याचा आवाज काढून टाकलाय. ओठ हलतात, प्रश्न ऐकू येत नाही.

आता काही आठवडे पुढे या. 7 जानेवारी 1989, शनिवार, पहाटे सम्राट गेले. दुपारी एका मंत्र्याने नव्या युगाचं नाव लिहिलेली पाटी उचलून दाखवली: हेइसेइ. शोवाचं चौसष्टावं वर्ष सातच दिवसांचं ठरलं.

सत्र सुरू झालंय. हजेरीपटावर ‘शोवा’वर रेघ मारलेली आहे. दुपारी सफाईची वेळ होते. इथे शिपाई झाडत नाही, मुलंच झाडतात, पुसतात. तुम्हीही फडकं घेऊन जिन्यावर गुडघ्यांवर बसता. शेजारच्या पायरीवर पहिल्या बाकावरची मुलगी आहे, जी वर्गात कधी मान वर करत नाही. बाई नाहीत, फळा नाही.

“हाऊ आर यू?” तुम्ही सवयीने विचारता.

ती फडकं पिळते. बराच वेळ पिळत राहते.

“माय ग्रँडफादर,” ती म्हणते. थांबते. शब्द शोधते. “सोल्जर. बिफोर. नाऊ... नो टॉक. थ्री डे, नो टॉक.”

‘डे’ला एस लावायचा राहिलाय. राहू द्या. पायरीवर सरकून तिला जागा करून द्या आणि थांबा, तिचं वाक्य अजून संपलेलं नाही.