मसाल्यातले बाद्यान आणि स्वाइन फ्लूचे औषध

माहुलपासून मालवणपर्यंत किनाऱ्यावर उन्हाळ्यात मसाला कुटला जातो, तेव्हा त्यात बहुधा एक तपकिरी, चांदणीसारखे फळ पडते. बाद्यान, म्हणजेच चक्रफूल. ते मूळचे दक्षिण चीन आणि व्हिएतनामचे. फ्लूची साथ आली की ‘बाद्यानचा काढा म्हणजेच टॅमिफ्लू, चिन्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होते’ असा निरोप फिरू लागतो. त्याचा इतिहास तपासण्याजोगा आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. माणसांसाठी हाताशी असलेले प्रमुख औषध होते ऑसेल्टामिविर, म्हणजे रॉश कंपनीचे टॅमिफ्लू. त्याचा कच्चा माल शिकिमिक आम्ल, आणि ते मुख्यतः चिनी बाद्यानातून काढले जाई. साहजिकच या मसाल्याला एकाएकी जागतिक मागणी आली. मुंबईच्या सिप्लाने २००५ मध्येच या औषधाची स्वस्त आवृत्ती बनवण्याची घोषणा केली होती.

३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला. नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. गळ्यात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या आल्या.

मग बाद्यान उकळून का प्यायचे नाही? कारण शिकिमिक आम्ल स्वतः फ्लूच्या विषाणूला रोखत नाही. त्यावर प्रयोगशाळेत अनेक रासायनिक टप्पे पार पडल्यावरच ऑसेल्टामिविर तयार होते. या आम्लाचे नावही चिनी नव्हे. १८८५ मध्ये डच रसायनज्ञ आइकमन यांनी ते जपानी ‘शिकिमी’ झाडातून वेगळे केले, आणि हे बाद्यानाचे भावंड चक्क विषारी आहे! चिनी वैद्यकात बाद्यान वापरतात ते पोटातील थंडी घालवण्यासाठी. फ्लूसारख्या तापावर त्यांची भिस्त निराळ्याच पाठांवर आहे. एक ‘माशिंगशिगान’, सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या चांग चुंगचिंग यांच्या परंपरेतला. दुसरा अठराव्या शतकाच्या अखेरीस वू जुतुंग यांनी मांडलेला ‘यिनछियाओ’.

या दोहोंच्या मिश्रणाची चाचणी चीनमध्ये २००९ च्या साथीतच झाली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ४१० रुग्ण होते. ताप उतरण्यास औषधाविना सरासरी २६ तास लागले, ऑसेल्टामिविरने २०, काढ्याने १६, दोन्ही एकत्र दिल्यावर १५. आकडे दुर्लक्षिण्यासारखे नाहीत, हे मान्य करायला हवे. मात्र बनावट काढा देऊन तुलना केलेली नव्हती. काढा आपण घेत आहोत हे रुग्णाला कळत होते. शिवाय सगळे रुग्ण गुंतागुंत नसलेले होते. पुण्यात माणसे ज्या अवस्थेत दगावली, त्या अवस्थेविषयी ही चाचणी काहीच सांगत नाही.